पेटीवर चिकटलेली पाकळी

“ज्योते, तुज्या पेटीला हार केवढा करू गं?”

काकूंची हाक खालच्या पडवीतून आली आणि मी खुर्चीतून जवळजवळ उडीच मारली. उद्या खंडेनवमी! पडवीत झेंडूचा ढीग पडलाय. विळे-कोयते राखेनं घासून भिंतीला ओळीनं टेकवलेत. उफणणीचा पंखा तात्यांनी पुसून, तेल घालून ठेवलाय. आणि शेतीच्या या सगळ्या हत्यारांच्या पंगतीत माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटलाही पाट मिळणार आहे. खिडकीबाहेर आमच्या रिहे गावाचं खोरं पिवळं पडायला लागलंय. हळवं भात कापायला आलं, गरवं अजून हिरवं आहे. वारा सुटला की इंद्रायणी तांदळाचा वास थेट माझ्या टेबलापर्यंत येतो, शेजारच्या घरात कुणी भाताचा कुकर उघडल्यासारखा. ऑक्टोबर म्हणजे नुसती तलखी, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. गेल्या वर्षीपासून हा महिना आला की मला लग्नघरातल्या करवलीसारखं होतं.

“मोठ्ठा करा!” मी वरून ओरडले. “सगळ्या बाजूंनी गुंडाळता येईल एवढा!”

“पुढनं नगं. पुढनं ती वारं घेती न्हवं? मागनं बी नगं, मागनं सोडती. कडंला आडकवीन मी.”

ऐकलंत? साठी ओलांडलेली ही बाई, जिनं जन्मात की-बोर्डला बोट लावलेलं नाही, ती मला सांगते आहे की कॅबिनेटला हार कुठे घालू नये. इतकं नेमकं तर मला पेटी विकणाऱ्यांपैकी कुणी सांगितलं नव्हतं. आणि ती हे कुठे शिकली म्हणाल, तर कुठेच नाही. शिकले ती मी, तिच्याकडून, गेल्या नवरात्रात. त्या पंधरा-वीस दिवसांवर माझं इथलं राहणं टांगलेलं होतं.

मी मूळची लातूरकडची. आठ वर्षं वाकडला राहून आयटीत नोकरी केली, आणि मग एक दिवस ती सोडून घरांची चित्रं करण्याचं काम घेतलं. म्हणजे आर्किटेक्ट लोक नकाशे पाठवतात आणि मी कॉम्प्युटरवर त्यांचं चालतं-फिरतं घर उभं करते. दार उघडतं, उन्हाची तिरीप फरशीवर पडते, पडदा हलतो. गिऱ्हाइकाला ते घर बांधण्याआधीच आतून फिरून पाहता येतं. हे काम शांततेत होतं म्हणून मी रिह्यात तात्या आणि काकूंची वरची खोली भाड्यानं घेतली. काय काम करते हे पहिल्या दिवशी काकूंना समजावून सांगितलं, तेव्हा त्या स्क्रीनवरच्या बंगल्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “झ्याक हाय. फकस्त आमच्या वावरात काडू नगंस म्हंजी झालं.”

माझ्या कामात कॉम्प्युटर तासन्‌तास पूर्ण ताकदीनं राबतो, त्यामुळे तापतो. त्याला थंड ठेवायचं तर पेटीतून सतत वारा खेळायला हवा. शहरात ही गोष्ट सोपी असते. इथे माझ्या खिडकीखाली खळं आहे. माझ्या पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे झोडणी सुरू झाली. सकाळपासून भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा थप्‌-थप्‌ आवाज, मग उफणणीच्या पंख्याची घरघर, आणि हवेत सोनेरी धुकं. ते धुकं म्हणजे भाताची कूस, दाण्यावरचे टोकदार केस. सुटी डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक, पण अंगाला अशी खाजते की माणूस तीन दिवस पाठ भिंतीला घासतो. खिडकीत उभी राहून मी ते सगळं अधाशासारखं बघत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. पाठीमागे माझा कॉम्प्युटर तीच कूस पोटात भरून घेत होता.

चौथ्या दिवशी तो काम करता करता मेला. उघडून पाहिलं तर आत गोधडीसारखा मऊ करडा थर बसला होता, पंख्यांच्या पात्यांवर, तारांवर, सगळीकडे. माझी जुनी पेटी समोरून काचेची होती. दिसायला महाल, पण आत श्वास घ्यायला जागा नाही. साफसूफ करून वर्ष काढलं. गेल्या वर्षी भादव्यात तो पुन्हा वारंवार बंद पडायला लागला, तेव्हा मी श्रीकांतला फोन केला. श्रीकांत म्हणजे माझा ऑफिसातला जुना मित्र, आमच्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरांचा डॉक्टर.

“ज्योती, सीधी बात बोलू का? मशीनचा प्रॉब्लेमच नाहीये, जागेचा आहे,” तो म्हणाला. “धान्याच्या डस्टमध्ये कुठलंही कॅबिनेट टिकणार नाही. माझ्या बिल्डिंगमध्ये एक रूम खाली होतेय. दसऱ्यापर्यंत कळव, मी होल्ड करून ठेवतो.”

वाकडहून सल्ला द्यायला त्याचं काय जातंय, असं मनात म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. काम बंद पडलं तर मी इथे राहू शकत नव्हते. आणि मला इथून जायचं नव्हतं. सकाळी खालून येणारा चुलीचा धूर, संध्याकाळी तात्यांचं म्हशींशी चाललेलं भांडण, जेवताना काकूंनी न विचारता दुसऱ्यांदा वाढलेला भात, या सगळ्यातून उठून पुन्हा पाचव्या मजल्यावरच्या बंद दारामागे जायची कल्पनाही सोसवेना. म्हणून ठरवलं, एक शेवटचा प्रयत्न. चांगली पेटी आणायची, तिची नीट परीक्षा घ्यायची. टिकली तर राहायचं. नाही टिकली तर ती परत पाठवायची आणि आपणही जायचं.

तुम्ही कधी कॉम्प्युटरची पेटी निवडली आहे? नसेल तर काय सांगू, फार मोठ्या सुखाला मुकलात! साडी निवडताना सुद्धा माझं इतकं भान हरपत नाही. फार लहान पेटी घेतली तर आत कोंदट, फार मोठी घेतली तर टेबलच खाऊन टाकते. म्हणून मधली, मिड-टॉवर. मी टेप घेऊन टेबल मोजलं, खिडकीपासूनचं अंतर मोजलं, चित्रं रंगवणारं माझं जाडजूड कार्ड लांबीला किती ते तीनदा मोजलं. पुढचा भाग जाळीचा हवा. जाळीमागे धूळ अडवणारी गाळणी हवी, आणि ती स्क्रू-ड्रायव्हर न शोधता निघायला हवी, कारण जी गोष्ट काढायला त्रास होतो ती माणूस कधीच धूत नाही. मागच्या बाजूला तारा लपवायला दोन बोटं जागा हवी. आतल्या पत्र्याच्या कडा दुमडलेल्या हव्यात, कारण जुन्या पेटीनं माझी तर्जनी दोनदा कापली होती. आठ दिवस मी झोपेतही पेट्या बघत होते.

कुरिअरवाला भुकूमच्या पुढे यायला तयार नव्हता. तात्या रोज तिथल्या सोसायट्यांना दूध घालतात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते ते भलंमोठं खोकं दुधाच्या दोन किटल्यांच्या मध्ये दोरीनं आवळून घेऊन आले.

“म्याडम, तुमचं कपाट आलंया!” त्यांनी अंगणातूनच दवंडी दिली. “रस्त्यानं समदी इचारत हुती, तात्या फ्रीज घेतला का म्हून.”

आम्ही तिघांनी मिळून ते उघडलं. थर्माकोल कुरकुरत निघाला, नव्या रंगाचा आणि पत्र्याचा तो करकरीत वास पडवीत पसरला आणि काळी, देखणी पेटी उन्हात उभी राहिली. मी बोटं फिरवली. कडा दुमडलेल्या! पुढची जाळी ओढली, तर चुंबकावरची ती गाळणी टच्‌कन हातात आली. मी आनंदानं ओरडलेच. मागचे स्क्रू चिमटीनं फिरत होते. काच सरळ बिजागरीवर दारासारखी उघडत होती. काकूंनी आत डोकावून पाहिलं.

“रिकामीच की गं ही! कापडं घालायची व्हय ह्यात?”

मी त्यांना समजावलं. पुढून तीन पंखे वारं आत घेणार, मागून एक आणि वरून दोन पंखे गरम वारं बाहेर फेकणार. काकूंनी मान डोलावली. खोकं आणि थर्माकोल मी जिन्याखाली जपून ठेवायला दिलं, कारण पेटी पटली नाही तर पंधरा दिवसांत मूळ खोक्यासकट परत करता येणार होती. हे मी काकूंना दोनदा बजावलं.

मग घटस्थापनेचा तो अख्खा दिवस! खाली काकू मातीत धान्य पेरून घट बसवत होत्या आणि वर मी माझा घट बसवत होते. एकेक भाग जागेवर बसताना जो बारीकसा टक्‌ आवाज होतो ना, त्या आवाजासाठी मी जेवण सोडेन. तारा मागच्या फटीतून ओवल्या, पट्ट्यांनी बांधल्या. कार्ड अलगद सरकवलं, दोन बोटं जागा उरली! वरचे दोन पंखे बसवताना तर मी खास काळजी घेतली. पंख्याच्या एका बाजूला आडव्या दांड्या असतात, दुसरी बाजू मोकळी आणि सुबक दिसते. सुबक बाजू वर केली. पेटी वरून बघितली की कशी झोकदार दिसत होती! संध्याकाळी बटण दाबलं, सगळे पंखे एकदम फिरले, आणि मी टाळ्या पिटल्या.

पण परीक्षेत पेटी नापास व्हायला लागली. दुसऱ्या माळेपासूनच. काम सुरू केलं की तासाभरात उष्णतेचा आकडा नव्वदीच्या घरात. गाळणी स्वच्छ, तरी आत वरच्या अंगाला धुळीचा थर. त्यातच एका शेजाऱ्याचं हळवं भात झोडायला आलं आणि कूस उडायला लागली. घरी मशीन जुळवणाऱ्या आम्हा वेड्यांचा एक ग्रुप आहे. तिथे सगळे जण माझ्या अभिप्रायाची वाट बघत होते. मी वहीत लिहायला घेतलं. बांधणी उत्तम. गाळण्या उत्तम. तारांना जागा उत्तम. पण वारा खेळत नाही, धूळ आत येते, मशीन तापते. ही पेटी घेऊ नका. शेवटचं वाक्य लिहिताना मला रडू आलं. पेटीसाठी नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

पाचव्या माळेला संध्याकाळी मी खाली गेले. काकू सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हटलं, “काकू, पेटी काही टिकत नाही इथे. परवा कुरिअरवाला भुकूमला येऊन ती परत घेऊन जाईल. आणि दसरा झाला की मी पण वाकडला जाते.”

काकूंनी सूप झटकायचं थांबवलं नाही. “बरं,” एवढंच म्हणाल्या. मला वाईट वाटलं. दोन वर्षं एकत्र राहून नुसतं बरं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं आणायला जिन्याखाली गेले, तर खोक्यात कोंबडी! चांगली तांबडी, गलेलठ्ठ, पेंढ्यावर पिसं फुगवून बसलेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिच्या घरात घुसले आहे. खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र होतं, नाजूक वस्तू जपून हाताळा या अर्थाचं, आणि त्या पेल्याच्या बरोबर वर तिची चोच.

“काकू! हे काय? हे खोकं परत द्यायचंय!”

“आगं, नवरात्रात घरात अंडं कोन खातंय? साचली हुती, म्हून रातीच बसिवली,” काकू शांतपणे चुलीत फुंकर घालत म्हणाल्या. “आता एकवीस दिस हात लावायचा न्हाई. खुडूक कोंबडीला उठवत न्हाईत. पाप लागतंय.”

कुरिअरवाल्याला काय सांगायचं, खोक्यात कोंबडी बसली आहे? मी ते खरंच सांगितलं. तो इतका हसला की फोन कट झाला. मग श्रीकांतला कळवलं, तर तो म्हणाला की त्याच्याकडे तशाच पेटीचं एक रिकामं खोकं आहे. तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येईल, पेटी त्याच्या खोक्यात आणि मला टेम्पोत घालून नेईल. म्हणजे जाणं ठरलंच, फक्त पेटीचं जाणं चार दिवस पुढे गेलं. त्या चार दिवसांत हातातलं शेवटचं काम उरकावं म्हणून मी मशीन तापत तापत रेटत होते.

आणि आली खंडेनवमी. सकाळी दहाच्या सुमाराला काकू तबक घेऊन वर आल्या. मागे तात्या. मी अगदी अडचणीत. एका बंगल्याचं सबंध चलचित्र तयार होत होतं, मध्येच बंद केलं तर पहाटेपासूनची मेहनत पाण्यात.

“बंद कर गं पेटी. पूजंला हत्यार थंड लागतंय,” काकू म्हणाल्या.

“चालत्या हत्याराची पूजा करत न्हाईत, म्याडम,” तात्यांनीही दुजोरा दिला. “विळा काय कापता कापता पूजत्यात व्हय?”

मी हात जोडले. संध्याकाळी चारपर्यंत बंद करता येणार नाही म्हटलं. काकूंनी क्षणभर विचार केला. मग स्वतःशीच म्हणाल्या, “पोर चालली हाय. राहू दे चालू.” आणि त्यांनी पेटीच्या डोक्यावर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या मूठभर पाकळ्या उधळल्या.

त्या क्षणी आत तडतड-तडतड असा आवाज उठला की मी किंचाळलेच. वरच्या जाळीतून अक्षता थेट पंख्यात! कुंकू तर दिसेनासंच झालं, गेलं पोटात. माझ्या डोळ्यांपुढे जळलेलं मशीन, बुडालेलं काम, सगळं एकदम उभं राहिलं. मी काहीतरी फटकन बोलले. काय ते आठवत नाही आणि आठवायचंही नाही. काकूंचा चेहरा पडला. त्या घाईघाईनं पाकळ्या गोळा करायला लागल्या. तडतड थांबली, मशीन चालूच राहिलं, पण काकूंचा हात मध्येच थबकला.

त्यांनी एक पाकळी जाळीवरून उचलली, सोडली. ती पुन्हा जाळीला जाऊन चिकटली. दुसरी वीतभर वर धरून सोडली. ती हलत-डुलत नाही, सरळ खाली ओढली गेली. चट्‌.

“ज्योते,” काकू म्हणाल्या, “तू म्हनली हुतीस, वरनं वारं भाईर फेकतंय.”

“हो. फेकतं.”

“मग पाकळी उडंना का? आमच्या उफननीच्या पंख्याच्या तोंडाफुडं काडी धर, उडून खळ्याच्या पार जाती. पाठीमागं धर, चिकटून बसती.” त्यांनी पेटीच्या डोक्यावर बोट ठेवलं. “ही पाठ हाय गं. तू पंखं उलटं बशिवलंयस.”

मी वाकून पाहिलं. सुबक बाजू वर, दांड्यांची बाजू खाली. वारं नेहमी दांड्यांच्या अंगानं बाहेर पडतं, हे मला पाठ होतं! पंख्याच्या कडेला तसा बाणसुद्धा कोरलेला असतो. पण झोकदार दिसण्याच्या नादात मी दोन पंखे पालथे घातले होते. ते गरम हवा आतच दाबत होते आणि गाळणी नसलेल्या वरच्या जाळीतून खळ्यावरची कूस ओढून घेत होते. अन् मी वहीत लिहीत होते, पेटी वाईट! रोज लोकांच्या बंगल्यांत खेळती हवा दाखवणारी मी, माझ्याच टेबलावरच्या घराचा वारा मला कळला नव्हता. इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की मी एकाच वेळी कपाळाला हात लावून हसत होते.

“नाचता यीना, अंगान वाकडं!” तात्या पडवीपर्यंत ऐकू जाईल असे हसले.

चार वाजेपर्यंतचे ते सहा तास कसे काढले ते माझं मला माहीत. चार वेळा चहा झाला. काम संपलं, मशीन बंद केलं, तेव्हा मी लगेच आठ स्क्रू काढायला घेतले. तात्या म्हणाले, पूजा झालेल्या हत्याराला आज हात लावत नाहीत. काकूंनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं, “सकाळची पूजा काय धरायची न्हाई. आदी पंखं फिरवू दे, मग करतो आमी नीट.” मी पंखे उलटे, म्हणजे सुलटे बसवले. बटण दाबलं. काकूंनी पाकळी जाळीवर ठेवली, आणि ती भुर्रकन उडून तात्यांच्या मिशीत जाऊन बसली! आम्ही तिघं असे हसलो की खाली म्हशीनं हंबरून विचारलं, काय झालं. मग मशीन बंद केलं, काकूंनी रीतसर पूजा केली, आणि मी त्यांच्या पाया पडले. सकाळच्या बोलण्याची माफी मागायची होती, पण काकूंनी आधीच पाठीवर हात ठेवला होता.

दसऱ्याला आकडा ऐंशीच्या खाली उतरला. श्रीकांतला फोन करून सांगितलं, टेम्पो नको, जेवायला ये. पण खरी कसोटी पुढे होती, कारण गरव्या भाताची झोडणी अजून व्हायची होती. ती झाली. दिवाळीनंतर आठ दिवस खळं गाजत होतं, सोनेरी धुकं माझ्या खोलीतून आरपार जात होतं, आणि मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवून काम करत होते. नवव्या दिवशी काकूंसमोर पेटीची काच उघडली. पुढच्या गाळणीवर घोंगडीएवढा थर. आत? काकूंनी पदराचं टोक तळाशी फिरवलं, जसं त्या कणगीत धान्य भरण्याआधी फिरवतात, आणि उजेडात धरलं. पदर स्वच्छ! तळाशी कोपऱ्यात फक्त सात-आठ कुंकवाच्या अक्षता पडल्या होत्या. त्या मी तशाच राहू दिल्या. ग्रुपवरचा अभिप्राय नव्यानं लिहिला. पेटी खुशाल घ्या, पंखे बसवल्यावर वर झेंडूची पाकळी ठेवून पाहा, असा.

इथवरची गोष्ट मी वर्षभर सगळ्यांना सांगत आले. पाकळीमुळे माझं घर वाचलं म्हणत आले. पण आज दुपारी, हार केवढा करू ते विचारून झाल्यावर, काकू म्हणाल्या की कोंबडीला पाणी ठेव गं. यंदाही कोंबडी त्याच खोक्यात बसली आहे, आणि यंदा घटस्थापनेला अंडी मी माझ्या हातानं ठेवली. कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजून खूण केली आहे. ती खूण दसऱ्याच्या कितीतरी पुढे, दिवाळीकडे सरकलेली. वाटीत पाणी ओतता ओतता माझा हात थांबला. गेल्या वर्षी कोंबडी सहाव्या माळेला दिसली होती. आणि श्रीकांत दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी जेवायला आला तेव्हा अंगणात पिवळी पिल्लं धावत होती, त्यानं त्यांचे फोटोही काढले होते. म्हणजे सात दिवसांत पिल्लं?

मी पडवीत गेले. काकू सुईत दोरा ओवत होत्या.

“काकू, गेल्या वर्षीची कोंबडी खोक्यात आदल्या रात्री बसवली म्हणाला होतात. सात दिवसांत अंडी फुटली?”

काकूंनी सुई झेंडूच्या देठात घातली. फूल दोऱ्यावर सरकवलं.

“गोठ्यात बसली हुती, डालग्यात. पितरांच्या पंधरवड्यापासनं. तू जानार म्हनलीस, त्या राती उचलून खोक्यात आनली.”

बसलेली कोंबडी जागेवरून हलवत नाहीत, एवढं आता मलाही कळतं. हलवली की ती अंड्यावरून उठते, अंडी गार पडतात, सगळी पिल्लं जातात. मी म्हटलं, “आणि ती उठली असती तर? सगळी अंडी वाया गेली असती ना?”

“गेली आस्ती.” काकूंनी हार हातावर धरून लांबी पाहिली आणि आणखी एक फूल ओवलं. “कोंबडी काय, फिरून बसती. तू कुटं बसनार हुतीस फिरून?”